चहातल्या गोड गोळ्या आणि हृदय: मधुमेह आणि स्टेंट दोन्ही असताना काय चालेल?

शेवंती

सासऱ्यांसाठी विचारते आहे. वय ६७, वजन ७० किलो, टाइप २ मधुमेह, सात महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट. औषधं मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येक कपात सुक्रालोजच्या दोन गोळ्या.

घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो, या गोळ्यांनी हार्ट अ‍ॅटॅक येतो असं संशोधन आहे, त्यापेक्षा गूळ घाला. दुसरा म्हणतो, स्टीव्हिया आणा, ती वनस्पती आहे. तर प्रश्न असे:

१. दहा गोळ्या म्हणजे फार होतात का?
२. हृदयाचं संशोधन नेमकं कशावर आहे? सगळ्याच गोडव्यांवर की एखाद्यावर?
३. स्टीव्हिया किंवा गूळ खरंच बरे का?
४. दिवाळीत शुगर-फ्री मिठाईचा डबा येतोच. त्याचं काय करावं?

तराजू

शेवंतीताई, आधी वजनं वेगळी करून घ्या, म्हणजे निम्मा गोंधळ संपेल. ‘आर्टिफिशियल स्वीटनर’ या एका पाटीखाली दोन अगदी वेगळ्या जाती बसवल्या जातात.

पहिली जात मिलिग्रॅमवाली. अ‍ॅस्पार्टेम, सुक्रालोज, सॅकरीन, एसेसल्फेम पोटॅशियम, निओटेम, आणि स्टीव्हियाच्या पानातला अर्कही. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या साधारण २०० पट गोड, सुक्रालोज ६०० पट, निओटेम तर हजारोंच्या पटीत. त्यामुळे एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम साखरेचा गोडवा हवा असेल तर अ‍ॅस्पार्टेम २५ मिग्रॅ पुरतं आणि सुक्रालोज ८ मिग्रॅच्या आसपास.

दुसरी जात ग्रॅमवाली, म्हणजे पॉलिओल: एरिथ्रिटॉल, झायलिटॉल, सॉर्बिटॉल, माल्टिटॉल. यांचा गोडवा साखरेइतका किंवा कमीच, त्यामुळे ते साखरेसारखेच चमच्याने घालावे लागतात. एका बैठकीत २०-३० ग्रॅम पोटात जाणं अवघड नाही.

आता तुमच्या दहा गोळ्या. एक गोळी एका चमच्याएवढी धरली तर दिवसाला सुमारे ८० मिग्रॅ सुक्रालोज. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने ठरवलेली मर्यादा किलोमागे १५ मिग्रॅ, म्हणजे ७० किलोच्या माणसाला १०५० मिग्रॅ. अमेरिकेची मर्यादा जास्त कडक आहे, किलोमागे ५, म्हणजे ३५० मिग्रॅ. ती धरली तरी सासरे चौथ्या हिश्श्याच्या आतच आहेत.

अ‍ॅस्पार्टेमची मर्यादा किलोमागे ४० मिग्रॅ. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘२ब’, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’, गटात टाकलं तेव्हा बराच गलका झाला, पण त्याच आठवड्यात संयुक्त समितीने ही ४० ची मर्यादा तशीच ठेवली. एका डाएट कोलाच्या कॅनमध्ये २०० मिग्रॅ धरलं तर ७० किलोच्या माणसाला ती मर्यादा गाठायला दिवसाला चौदा कॅन लागतील.

पण एक मेख आहे. या मर्यादा मुख्यतः प्राण्यांवरच्या चाचण्यांतून, शंभर पट सुरक्षिततेचं अंतर ठेवून ठरतात. हृदयविकाराच्या घटना मोजून त्या ठरवलेल्या नाहीत. त्यामुळे ‘मर्यादेच्या आत आहे’ याचा अर्थ ‘हृदयाच्या बाबतीत तपासून निर्धोक ठरलंय’ असा काढू नका. तिथून पुढे ठोकेसाहेबांनी लिहावं.

चौथा ठोका

लिहितो. बातम्या तीन प्रकारच्या अभ्यासांवरून येतात आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

पहिला प्रकार: हजारो लोकांना ‘काय खाता’ विचारायचं आणि वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. यातला सर्वांत काळजीपूर्वक केलेला म्हणजे फ्रान्सचा न्यूट्रिनेट-सांते. सप्टेंबर २०२२ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १,०३,३८८ माणसं, सरासरी वय ४२, जवळजवळ ८० टक्के स्त्रिया, मध्यम पाठपुरावा नऊ वर्षांचा. नुसतं ‘डाएट पेय पिता का’ असं न विचारता त्यांनी खाल्लेल्या पदार्थाचा ब्रँडसुद्धा नोंदवून घेतला होता, म्हणून कोणतं रसायन किती गेलं हे काढता आलं. निष्कर्ष: एकूण स्वीटनर जास्त घेणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराची जोखीम ९ टक्के जास्त. अ‍ॅस्पार्टेमचा संबंध मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी दिसला, १७ टक्के. हृदयाच्या धमन्यांच्या बाबतीत एसेसल्फेम पोटॅशियम ४० टक्के आणि सुक्रालोज ३१ टक्के, पण सुक्रालोजचा आकडा संख्याशास्त्राच्या उंबरठ्यावर कसाबसा टेकलेला आहे.

टक्के ऐकून घाबरायच्या आधी मूळ आकडे बघा. न घेणाऱ्यांत लाख माणसांमागे वर्षाला ३१४ घटना, जास्त घेणाऱ्यांत ३४६. म्हणजे दहा हजारांमागे वर्षाला तीन जास्त. तुमच्या सासऱ्यांची जोखीम मधुमेह आणि स्टेंटमुळे मुळातच याच्या कितीतरी पट आहे, आणि ती खाली आणण्याचं काम स्टॅटिन, रक्तदाब, साखर आणि चालणं करतात. गोळीचा मुद्दा त्यानंतर येतो.

दुसरी अडचण उलट्या कार्यकारणाची. डाएट पेय कोण घेतं? ज्याचं वजन वाढलंय, ज्याला डॉक्टरांनी साखर बंद सांगितलीय, ज्याच्या घरात हृदयविकार आहे. म्हणजे आजाराच्या वाटेवर असलेला माणूस गोळीकडे वळतो आणि आकडेवारीत दिसतं की गोळीवाल्यांना आजार झाला. संशोधक वय, वजन, धूम्रपान, मधुमेह यांची वजावट करतात, पण पूर्ण वजावट कधीच होत नाही. अमेरिकेतल्या ८१,७१४ रजोनिवृत्त स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात दिवसाला दोन किंवा जास्त डाएट पेयं घेणाऱ्यांत पक्षाघात २३ टक्के जास्त दिसला. त्यालाही हीच मर्यादा लागू.

दुसरा प्रकार: माणसांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटायचं. इथे चित्र उलटं दिसतं. साखरेच्या जागी स्वीटनर दिलं की वजन थोडं कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या एकत्रित हिशेबात सरासरी ०.७१ किलो. पण हे प्रयोग काही आठवडे-महिन्यांचे असतात. त्यात हार्ट अ‍ॅटॅक मोजण्याइतका वेळच नसतो. आपल्याकडचा प्रयोग म्हणजे चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनचा. टाइप २ मधुमेहाच्या १७९ रुग्णांवर, बारा आठवडे, चहा-कॉफीतल्या साखरेऐवजी सुक्रालोज. एचबीए१सीमध्ये, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, लक्षणीय फरक नाही, वजन आणि कंबर किंचित कमी. शेवंतीताई, हा प्रयोग जवळपास तुमच्या सासऱ्यांच्या कपाचाच आहे: चमत्कार नाही, साखर बिघडलीही नाही.

तिसरा प्रकार रक्त आणि प्राणी. २०२५ मध्ये अ‍ॅस्पार्टेम दिलेल्या उंदरांच्या धमन्यांत थर वाढल्याचं छापून आलं, आणि मधला दुवा इन्सुलिन असल्याचं त्यात दाखवलं. पण ते उंदीर मुळातच धमन्या बुजण्यासाठी जनुकीय बदल केलेले होते. कार्यकारण शोधायला उपयोगी, पण त्यावरून सासऱ्यांचा कप ठरवू नये.

मे २०२३ ची जागतिक आरोग्य संघटनेची सूचना घरोघरी पाठवली गेली: वजन कमी करण्यासाठी किंवा असंसर्गजन्य आजार टाळण्यासाठी स्वीटनर वापरू नका. तिच्यातली दोन वाक्यं कुणीच पुढे पाठवली नाहीत. एक, ही सूचना ‘सशर्त’ आहे, कारण पुरावा कमी खात्रीचा. दोन, ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही.

परदेशी पाटील

एक शंका. इकडे अमेरिकेत सगळे मंक फ्रूटच्या पुड्यांवर गेलेत. फळाचा अर्क आहे, रसायन नाही, असं सांगतात. मग तो प्रश्न सुटला ना?

तराजू

पाटील, पुडीची मागची बाजू वाचा. मंक फ्रूटचा अर्क साखरेच्या शेकडो पट गोड. एका पुडीत तो चिमटीतही न मावणाऱ्या मापाने असतो. मग पुडी भरते कशाने? बहुतेक वेळा एरिथ्रिटॉलने. स्टीव्हियाच्या पुडीचंही हेच. समोर हिरवं पान, मागे घटकांच्या यादीत पहिलं नाव एरिथ्रिटॉल, किंवा माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज नाहीतर लॅक्टोज. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे पहिलं नाव तेच तुम्ही खरं खाताय. माल्टोडेक्स्ट्रिन आणि डेक्स्ट्रोज तर रक्तातली साखर सरळ चढवतात. पुडीत एखादाच ग्रॅम असतो म्हणून निभावतं, दहा पुड्या घातल्या की मोजावं लागतं.

चौथा ठोका

आणि स्टेंटवाल्यांनी जिथे थबकावं ते नाव हेच, एरिथ्रिटॉल.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या गटाचा अभ्यास, फेब्रुवारी २०२३, नेचर मेडिसिन या नियतकालिकात. हृदय तपासणीसाठी आलेल्या १,१५७ लोकांचं उपाशीपोटीचं रक्त, नंतर अमेरिकेतले २,१४९ आणि युरोपातले ८३३. ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल सर्वांत जास्त त्या चौथाईत, सर्वांत कमी असलेल्या चौथाईच्या तुलनेत, पुढच्या तीन वर्षांत हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूची जोखीम सुमारे दुप्पट. यावर आक्षेप रास्त होता. आपलं शरीर स्वतःच ग्लुकोजपासून थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, आणि चयापचय बिघडलेल्या माणसात ते जास्त बनतं. त्यामुळे उपाशीपोटीच्या आकड्यावरून ‘खाल्ल्यामुळे झालं’ असं म्हणता येत नाही.

म्हणून माझ्या मते त्याच कामाचा दुसरा भाग जास्त बोलका आहे. आठ निरोगी माणसांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल पाण्यातून दिलं. रक्तातली पातळी हजार पटीहून वर गेली, आणि प्रयोगशाळेत प्लेटलेट (रक्ताची गुठळी बनवणाऱ्या पेशी) चिकट होतात त्या पातळीच्या वर दोन दिवसांहून जास्त राहिली. २०२४ मध्ये त्यांनी वीस निरोगी माणसं घेतली, दहांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल, दहांना ३० ग्रॅम ग्लुकोज. एरिथ्रिटॉलनंतर प्लेटलेट जास्त चटकन प्रतिसाद देऊ लागल्या, ग्लुकोजनंतर नाही. त्याच वर्षी झायलिटॉलवरही तसाच निकाल आला.

माणसं कमी, निरोगी, एकच मात्रा, हे सगळं खरं. हार्ट अ‍ॅटॅक मोजलेला नाही, हेही खरं. पण स्टेंट घातलेल्या माणसाला आपण दोन-दोन औषधं देतो ती प्लेटलेट चिकटू नयेत म्हणूनच. अशा वेळी ज्या पदार्थाची गरजच नाही आणि ज्यावर नेमका प्लेटलेटचाच संशय आहे, तो चमच्या-चमच्याने पोटात घालण्यात काय हशील? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये एरिथ्रिटॉलला किलोमागे अर्धा ग्रॅम मर्यादा घातली, तीही जुलाबाच्या कारणाने. ६० किलोच्या माणसाला ती ३० ग्रॅमच येते. प्रयोगात दिलं तेवढंच.

मूत्रपिंडाचा मुद्दाही धरा. पोटात गेलेल्या एरिथ्रिटॉलपैकी जवळजवळ ९० टक्के शोषलं जाऊन लघवीवाटे तसंच बाहेर पडतं. जुन्या मधुमेहात मूत्रपिंडाची गाळण कमी झालेली असेल तर ते रक्तात जास्त वेळ राहणार. सुक्रालोजचं वेगळं: बहुतांश शोषलंच जात नाही, विष्ठेवाटे जातं. अ‍ॅस्पार्टेम आतड्यातच फुटतं, अख्खं रक्तात पोचत नाही.

आणि हो, ‘क्लोपिडोग्रेल चालू आहे, मग एरिथ्रिटॉल चालेल’ किंवा ‘एरिथ्रिटॉल खाल्लंय, मग गोळी वाढवू’, दोन्ही हिशेब करू नका. त्या प्रयोगातली माणसं ही औषधं घेणारी नव्हती.

आधणाचा चहा

तराजू आणि ठोकेसाहेबांनी रसायन मांडलं, मी कपावर येते. पाच कपांत दोन-दोन चमचे साखर म्हणजे ५० ग्रॅम, २०० कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राखायला सांगितलंय. त्यामुळे गोळी काढून पुन्हा साखर घालणं हा पर्याय नाहीच. पण दहा गोळ्या कायमच्या चालू ठेवायचीही गरज नाही. जिभेची सवय उतरवता येते.

दोन गोळ्यांवरून एकदम शून्यावर आणलं की तिसऱ्या दिवशी बंड होतं. गोळी अर्धी करता येते. पहिले दहा दिवस सकाळच्या कपात दीड, बाकी तसेच. नंतर दहा दिवस सगळ्या कपांत दीड. मग एक, मग अर्धी. दोन-अडीच महिन्यांत दहावरून अडीचवर येता येतं. मधे सणवार आला तर पायरी पुढे ढकला, पण मागे जाऊ नका. कप तोच ठेवा. मोठ्या मगात गेलात की हिशेब बिघडतो.

चहा जितका उकळून काळा कराल तितका तुरट, आणि तुरटपणा झाकायला गोड जास्त लागतं. आधण आल्यावर पावडर घाला, दोन ते तीन मिनिटं ठेवा, मग दूध, एक उकळी, आणि गाळा. आलं, वेलची, गवती चहा यांनी गोडाची उणीव बरीच भरून निघते. वेलची विशेषतः, कारण तिचा वासच आपल्या डोक्यात गोडाशी जोडलेला असतो.

अ‍ॅस्पार्टेमची गोळी कधीही पातेल्यात टाकू नका. उष्णतेने ते फुटतं आणि गोडवा जातो. गाळून कपात ओतल्यावर घालायची. थर्मासमध्ये भरून ठेवायच्या चहात तर मुळीच नको. दुपारपर्यंत चहा फिका लागतो आणि माणूस वरून आणखी दोन गोळ्या टाकतो. सुक्रालोज उकळत्या चहात टिकतं. मात्र तेला-तुपात परतण्याच्या किंवा भट्टीत भाजण्याच्या तापमानाला तेही फुटू लागतं आणि त्यातून नको ती क्लोरीनयुक्त संयुगं तयार होऊ शकतात. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने २०१९ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. म्हणजे सुक्रालोज चहात, ताकात, सरबतात. शिऱ्यात किंवा केकमध्ये नको.

गुळाचं थोडक्यात. गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, सोबत पाणी आणि थोडे क्षार. कोल्हापूरचा असो की सेंद्रिय असो, मधुमेहात तो साखरेसारखाच मोजायचा. लोह मिळतं म्हणून खायचा तर ज्या मापाने खावा लागेल त्या मापात साखर किती जाईल ते बघा! मध आणि नारळाची साखर याच रांगेत.

आणि गोळीचा खरा तोटा मला वेगळाच वाटतो. चहा ‘फुकट’ झाला म्हणून सोबत दोन खाऱ्या आणि एक टोस्ट वाढतो. मैदा आणि वनस्पती तूप. २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी संपृक्त चरबी आणि मैदा राहतोच. चहासोबत काय खाल्लं जातं तेही आठवडाभर लिहून बघा.

खवा

चौथा प्रश्न माझ्या पदरात घेतो.

साखर मिठाईत फक्त गोडीसाठी नसते. ती वजन देते, पाक धरते, बर्फीला ओलावा आणि बांधणी देते, पाण्याला धरून ठेवून टिकवते. मिलिग्रॅमवाला गोडवा यातलं एकही काम करत नाही. त्यामुळे शुगर-फ्री बर्फीत साखरेची जागा भरायला काहीतरी लागतंच: माल्टिटॉल, सॉर्बिटॉल, एरिथ्रिटॉल, किंवा नुसता जास्तीचा खवा आणि सुकामेवा.

माल्टिटॉलमध्ये ग्रॅममागे २.१ कॅलरी धरतात, सॉर्बिटॉलमध्ये २.६. साखरेच्या ४ च्या मानाने कमी, पण शून्य नव्हे. माल्टिटॉल रक्तातली साखरही चढवतं, साखरेपेक्षा हळू. चार-पाच तुकडे खाल्ले की पोट फुगणं, गॅस, जुलाब ठरलेले, कारण न शोषलेलं पॉलिओल मोठ्या आतड्यात पाणी ओढतं आणि तिथले जंतू ते आंबवतात. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ‘फराळाने पोट बिघडलं’ म्हणतात, त्यात कधीकधी शुगर-फ्री डब्याचाही हात असतो.

हृदयाच्या दृष्टीने मोठा भाग तर खवा आणि तुपाचा. साखर काढली म्हणून दुधाची संपृक्त चरबी कमी होत नाही. उलट साखरेच्या वजनाची जागा खव्याने भरली असेल तर ती वाढते. आणि खजूर-अंजिराच्या वड्यांवर ‘साखर न घातलेली’ लिहिलेलं अगदी खरं असतं, पण खजुराच्या वजनात साधारण दोन तृतीयांश साखरच असते.

नियम सोपा: ‘शुगर-फ्री’ म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमहून जास्त नको. ‘साखर न घातलेली’ हा वेगळा दावा आहे. सुट्या मिठाईवर घटकांची यादी नसते. दुकानदाराला ‘साखरेऐवजी काय घातलंत’ एवढं विचारा. नाव सांगता आलं नाही तर घेऊ नका. शुगर-फ्री डब्यातले चार तुकडे खाण्यापेक्षा साध्या बर्फीचा एक छोटा तुकडा जेवणानंतर खाल्लेला मला बरा वाटतो. यावर आधणताई भांडतील.

आधणाचा चहा

भांडणार नाही, पण ‘एक छोटा तुकडा’ म्हणजे १५ ते २० ग्रॅम, हे लिहायचं राहिलं तुमचं. दुकानातला तुकडा त्याच्या दुप्पट असतो.

चौथा ठोका

दोन गोष्टी कुणी विचारल्या नाहीत, पण या यादीतल्या औषधांमुळे लिहायलाच हव्यात.

ग्लिमेपिराइड चालू आहे म्हणजे साखर अचानक खाली जाऊ शकते: घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं. अशा वेळी घाईत हाताशी असलेलं ‘झीरो’ पेय किंवा गोळी घातलेलं सरबत दिलं तर गोड लागेल पण साखर एक अंशही चढणार नाही. तेव्हा खरी साखरच हवी: तीन सपाट चमचे, म्हणजे १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी मीटरवर पुन्हा बघायचं, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, दवाखाना गाठा. पुढे कधी वोग्लिबोज किंवा अकार्बोज ही मधुमेहाची औषधं सुरू झाली तर साधी साखरही वेळेवर फुटत नाही, तेव्हा ग्लुकोज पावडरच लागते. म्हणून पावडरचा एक डबा घरात असू द्या, आणि तो स्वीटनरच्या डबीशेजारी ठेवू नका.

दुसरं, जुलाब-उलट्यांत घरगुती जलसंजीवनी करताना ‘मधुमेह आहे’ म्हणून साखरेऐवजी स्वीटनर घालू नका. आतड्यात मीठ आणि पाणी आत ओढून घेतलं जातं ते ग्लुकोजच्या जोडीनेच. गोड चवीचा तिथे काही उपयोग नाही. नुसतं खारट पाणी पाजल्यासारखं होतं. तयार ओआरएसची पुडी घ्या आणि साखर मीटरवर तपासत राहा.

डाएट कोलाबद्दलही एक. ब्रिटनच्या बायोबँकेतल्या २,०१,८५६ लोकांच्या अभ्यासात, २०२४, आठवड्याला दोन लिटरहून जास्त कृत्रिम गोड पेयं घेणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची लय बिघडण्याचा विकार) २० टक्के जास्त दिसलं, साखरेची पेयं तेवढीच घेणाऱ्यांत १० टक्के. वर सांगितलेल्या सगळ्या शंका इथेही लागू. पण कोला सोडण्याने काही बुडत नाही, त्यामुळे इथे मी कीस पाडत बसत नाही. ताक प्या, मीठ बेताने.

तराजू

माझ्याच दहा गोळ्यांच्या हिशेबाला एक पुस्ती. ‘मात्रा इतकी थोडी की काही होणारच नाही’ असंही ठामपणे म्हणता येत नाही. न्यूट्रिनेटमधले ‘जास्त घेणारे’ दिवसाला सरासरी ७८ मिग्रॅच घेत होते, सगळी स्वीटनर मिळून. सासऱ्यांच्या दहा गोळ्या बरोबर तिथेच येतात. शिवाय २०२२ मध्ये इस्राएलच्या गटाने १२० निरोगी लोकांना मर्यादेखालच्या मात्रा दोन आठवडे दिल्या, तेव्हा सॅकरीन आणि सुक्रालोजवाल्यांची ग्लुकोज पचवण्याची क्षमता खालावलेली दिसली, आतड्यातल्या जंतूंमार्फत. चेन्नईच्या रुग्णांत बारा आठवड्यांत तसं काही उमटलं नाही. दोन्ही खरे असू शकतात, कारण माणसागणिक जंतू वेगळे. म्हणून आधणताईंची दहावरून अडीचवर येण्याची पायरी मला सर्वांत पटते. ती कुठल्याच अभ्यासाच्या निकालावर अवलंबून नाही.

शेवंती

सगळ्यांचे आभार. आज घरातल्या तीन वस्तू उलट्या करून वाचल्या. गोळ्यांच्या डबीवर ९५५ आहे. भावजयीने आणलेल्या ‘स्टीव्हिया’च्या पुड्यांवर पहिलं नाव ९६८, मग ९६०. आणि बद्धकोष्ठासाठीचं शुगर-फ्री इसबगोल, त्यावर ९५१. हे आकडे म्हणजे?

तराजू

९५० एसेसल्फेम पोटॅशियम, ९५१ अ‍ॅस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया, ९६१ निओटेम. पॉलिओलमध्ये ४२० सॉर्बिटॉल, ९६५ माल्टिटॉल, ९६७ झायलिटॉल, ९६८ एरिथ्रिटॉल. ९५२ दिसलं तर ते सायक्लामेट, भारतात त्याला परवानगी नाही. परदेशातून आलेल्या डब्यांवर कधीतरी सापडतं.

तुमची डबी ठीक, पायरी-पायरीने कमी करत जा. ‘स्टीव्हिया’च्या पुड्या म्हणजे एरिथ्रिटॉलच, त्या सासऱ्यांच्या कपात नकोत. इसबगोलमधलं अ‍ॅस्पार्टेम चालेल, फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनीच ते टाळायचं असतं. पण साधं, चव न घातलेलं इसबगोल मिळतंच, ते आणलंत तर हा प्रश्नच उरणार नाही. कोणतंही इसबगोल मेटफॉर्मिनच्या आणि हृदयाच्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा, आणि भरपूर पाण्याबरोबर.